उंबरठ्यावरचा संसार

निघताना ज्या गावाचं नाव घेतलं तिथेच आयुष्य पोहोचलं, असं फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. बाकीच्यांना वाटेत कुणीतरी अडवतं, परवाना मिळत नाही, घाट बंद होतो, पैसे संपतात. आणि जिथे अडलो तिथेच बिऱ्हाड मांडावं लागतं. पुढे लोक त्या बिऱ्हाडालाच त्या माणसाचं ध्येय समजू लागतात. विल्हेल्म आणि मारिया हायडे या जर्मन जोडप्याबद्दल वाचताना मला हे सारखं जाणवत राहिलं. हिमाचलातल्या लाहौलमध्ये, केलाँग गावी, या दोघांनी जवळजवळ चाळीस वर्षं संसार केला, मूठभर लोकांची ख्रिस्ती मंडळी सांभाळली. पण केलाँगला जायचं म्हणून घरातून कुणीच निघालं नव्हतं. ठरलं होतं ते मंगोलियाला जायचं.

जर्मनीतल्या मोरावियन मंडळीला मंगोल लोकांमध्ये काम सुरू करायचं होतं. सरळ रस्ता रशियातून जात होता आणि रशियाने परवानगी दिली नाही. मग दक्षिणेकडून, हिंदुस्थानातून, तिबेट ओलांडून पोहोचावं असं ठरलं. १८५३ साली विल्हेल्म हायडे आणि एदुआर्द पागेल हे दोघे कलकत्त्याला उतरले. सिमल्याजवळ कोटगढला दुसऱ्या एका मिशनच्या आसऱ्याने राहून त्यांनी भाषा शिकायला घेतल्या. १८५५ मध्ये ते लडाखपर्यंत गेले, तिथून तिबेटच्या हद्दीत शिरायचा प्रयत्न केला आणि परत फिरवले गेले. तिबेटने परक्यांना दार लावून घेतलं होतं. तेव्हा जिथे तिबेटी लिपी वाचली जाते, गोंपांमध्ये लामा आहेत, पण अंमल मात्र इंग्रजांचा आहे, असा मुलूख शोधणं एवढंच त्यांच्या हाती उरलं. १८४६ पासून इंग्रजांकडे आलेलं लाहौल या वर्णनात बसत होतं. भागा नदीच्या काठावर, तीन हजार मीटरहून उंच असलेल्या केलाँगला १८५६ मध्ये त्यांनी घर बांधायला घेतलं. ते तात्पुरतं होतं. तिबेटचं दार किलकिलं झालं की पुढे निघायचं होतं. विल्हेल्मच्या हयातीत ते त्यांच्यासाठी उघडलं नाही.

हा विल्हेल्म कोण? मिशनरी म्हटलं की आपल्यासमोर पुस्तकी, संस्कृत शिकणारा, वादविवाद करणारा पाद्री उभा राहतो, कारण मुंबई-पुण्याच्या इतिहासात आपण जॉन विल्सनसारखे लोक पाहिले आहेत. विल्हेल्म त्यातला नव्हता. १८२५ साली सायलेशियात जन्मलेला हा माणूस पत्र्याचं काम शिकलेला कारागीर होता. मोरावियनांची रीतच अशी होती. १७२२ मध्ये धर्मछळाला कंटाळून आलेल्या मोरावियातल्या निर्वासितांनी साक्सनीत काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ यांच्या जमिनीवर हेर्नहूट नावाचं खेडं वसवलं. दहाच वर्षांनी, १७३२ मध्ये, या खेड्याने आपले पहिले दोन मिशनरी कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये काम करायला पाठवले. एक कुंभार होता, दुसरा सुतार. जिथे जाल तिथे हातातल्या कसबावर पोट भरा आणि शेजाऱ्यांसारखे राहा, ही त्यांची शिस्त. एखाद्या साम्राज्याच्या राजधानीतून निघालेल्या मिशनपेक्षा खेड्याने पाठवलेल्या माणसाचा स्वभाव वेगळा असणार. त्याला घर कसं बांधायचं हे आधी सुचतं, प्रवचन नंतर.

केलाँगला या स्वभावाची कसोटीच होती. रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौल साऱ्या जगापासून तुटायचं. डाक थांबायची. गावातली मिळकतदार मंडळी थंडीत कुल्लूला उतरून जायची. मागे राहायचे ते म्हातारे, गुरं आणि ज्यांना जायला जागा नाही असे. जव आणि कुट्टू यांचं पीक यायचं ते उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत. तिथे राहायचं तर लाकूड साठवा, धान्य साठवा, चारा साठवा. उपासनेची वेळ घंटेने कळत असेल, पण वर्षाचा सगळा हिशेब बर्फ ठरवत असे.

१८५७ मध्ये त्यांना तिसरा सोबती मिळाला, हाइनरिख याश्के. हेर्नहूटच्या मूळ निर्वासितांच्या वंशातला हा गृहस्थ भाषांचा विलक्षण जाणकार होता. केलाँगच्या शिळाप्रेसवर त्याची पुस्तकं छापली गेली, आणि १८८१ साली निघालेला त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. ग्रंथालयांच्या इतिहासात केलाँगचं नाव आहे ते याश्केमुळे. प्रकृती साथ देईना म्हणून १८६८ मध्ये तो युरोपला परतला. पागेल त्याआधीच सतलज खोऱ्यातल्या पू या गावी नवं ठाणं उघडायला गेला होता. केलाँगची शेती, शाळा, आजारपणं, भांडणं, उपासना हे सगळं हायडे कुटुंबावर येऊन पडलं. विद्वानाला जे गाव पुरेना ते कारागिराला जन्मभर पुरलं.

आता मारियाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय या कहाणीत फक्त एक चिकाटीचा माणूस उरतो.

मारिया हार्टमान १८३७ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, पारामारिबो इथे जन्मली. आईवडील दोघेही मोरावियन मिशनरी. ते दिवस सुरिनाममध्ये उघड गुलामगिरीचे होते; ती १८६३ मध्ये कायद्याने संपली. वडील १८४४ मध्ये वारले. मिशनऱ्यांची मुलं जरा मोठी झाली की त्यांना शिकायला युरोपात पाठवायचं, असा त्या मंडळीचा शिरस्ता होता. मारियालाही लहानपणीच समुद्रापार पाठवलं गेलं. आई मात्र परतली नाही. ती जंगलातल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये एकटीने काम करत राहिली आणि १८५३ मध्ये तिथेच वारली. मायलेकींची पुन्हा गाठ पडली नाही. मिशनचं काम म्हणजे काय, याची मारियाला झालेली पहिली ओळख ही अशी होती: ते काम आईला आपल्यापासून घेऊन जातं.

अशा मुलीने मोठेपणी त्या कामापासून चार हात लांब राहायला हवं होतं, असं मला वाटतं. पण मिशनच्या मुख्य मंडळाने १८५९ मध्ये हिमालयातल्या तिघा बंधूंसाठी तीन वधू निवडल्या, त्यांत तिचं नाव होतं. विल्हेल्मला तिने पाहिलेलं नव्हतं. विल्हेल्मनेही तिला पाहिलेलं नव्हतं. आपल्या आज्या-पणज्यांना यात नवल वाटलं नसतं. फरक एवढाच की त्यांना सासर दोन-चार गावं पलीकडे मिळत असे. या तिघी जहाजाने कलकत्त्याला आल्या, सत्तावनचं बंड नुकतंच शमलेला उत्तर हिंदुस्थान ओलांडून डोंगरात चढल्या आणि हिवाळ्याच्या तोंडावर केलाँगला पोहोचल्या. लग्नं तिथेच लागली. मारिया बावीस वर्षांची होती, नवरा चौतिशीचा.

तिने हे का स्वीकारलं असेल? श्रद्धा हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. मला वाटतं, बोर्डिंगात वाढलेल्या, घर नसलेल्या मुलीला हे बोलावणं घरासारखंही वाटलं असेल. आईने जे निवडलं होतं ते आतून पाहायची ती एकच वाट होती. हा माझा तर्क आहे. मारियाने पुढे रोजनिशा लिहिल्या आणि त्यातून तिच्या दिवसांचा तपशील अभ्यासकांच्या हाती आला. मनातलं सगळं मात्र कुणीच रोजनिशीत उतरवत नाही.

आणि ज्यांच्यासाठी हे दोघे आले होते त्या लोकांचं काय? लाहौलच्या लोकांनी त्यांना ना हाकललं, ना जवळ केलं. ऐकून घेतलं. पाहुण्याचं ऐकून घ्यायची त्या खोऱ्याला जुनी सवय असावी. तिथल्या चंद्रभागेच्या काठावरच्या त्रिलोकनाथाच्या मंदिरात एकाच मूर्तीला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून नमस्कार करतात. एवढा समजूतदारपणा ज्यांच्या रक्तात आहे त्यांच्यापुढे कुणी नवा देव ठेवला तर तेही त्याला एखादा कोनाडा देतील. पण मिशनऱ्याला कोनाडा नको होता. त्याला जुनं सगळं रिकामं करून घर हवं होतं, आणि ते द्यायला लाहौल तयार नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट होती. पाद्र्याची कातडी आणि इंग्रज अंमलदाराची कातडी एकाच रंगाची. अंमलदार फिरतीवर आला की ओझी वाहायला माणसं वेठीला धरली जात. पाद्री वेठीला धरत नसला तरी घराला लाकूड आणि जमीन त्याला सरकारच्या मेहेरबानीनेच मिळाली होती. विल्हेल्म स्वतः इंग्रज नव्हता, हे डोंगरातल्या शेतकऱ्याने लक्षात घ्यावं अशी अपेक्षा कशी करणार? शिवाय एकट्याने धर्म बदलायचा म्हणजे काय, हे त्या खोऱ्यात राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाण्याची पाळी, शेताची बांधबंदिस्ती, बर्फ काढायचं, मयताला खांदा द्यायचा, हे सगळं गाव मिळून करतं. गावाबाहेर पडलेल्या माणसाला जगता येत नाही. म्हणजे बाप्तिस्म्याची किंमत पाद्र्याच्या प्रवचनात सांगितलेली नसते. ती त्या माणसाला पाटाच्या पाण्यात मोजावी लागते.

म्हणूनच पहिला बाप्तिस्मा व्हायला १८६५ साल उजाडलं. घेणारे होते सोनम स्तोबक्येस आणि त्यांचा मुलगा जोल्दान. तेही लाहौली नव्हते, लडाखमधून आलेले होते. पुढेही केलाँगच्या मंडळीत बहुतेक असेच लोक आले: आपल्या गावातून सुटलेले, निर्वासित, ज्यांना गमावण्यासारखं गावच उरलेलं नव्हतं. मिशनने त्यांना आपल्या शेतावर जमीन दिली, घरं दिली, काम दिलं.

इथे माणूस प्रचारकाचा पाळक होतो. प्रचारकाचा बोलबाला गर्दीत असतो; पाळकाला मोजक्याच माणसांबरोबर राहावं लागतं. शेकड्याने माणसं आली की त्यातल्या एकाचा स्वभाव आपल्याला टोचत नाही. डझनभर माणसांच्या मंडळीत तसं नसतं. एकाने कर्ज बुडवलं, एकीचं नवऱ्याशी पटेना, एकाला उपासनेआधी छांगची दारू लागते, हे सगळं रविवारी समोर बसलेलं असतं. तोच पाळक त्यांचा मालक, कारण शेत मिशनचं. तोच वैद्य, तोच मास्तर, तोच पंच. पोट आणि श्रद्धा एकाच दारातून मिळू लागली की श्रद्धेची परीक्षा करणं अवघड होतं, आणि तिच्यावर शंका घेणंही अन्यायाचं होतं. आपल्याकडच्या मिशनांनाही हा पेच चुकला नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये अहमदनगरला गेलं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नगर भागात लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, तेव्हा ते भाकरीसाठी आले की देवासाठी यावर आतले-बाहेरचे सगळेच भांडले. मला त्या भांडणात दोन्ही बाजूंचा एक दोष दिसतो. भुकेल्या माणसाला एका वेळी एकच कारण असायला हवं, असं धरून ते बोलतात.

नगरचा विषय निघाला की लक्ष्मीबाई टिळक आठवणारच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो बायकोला अंधारात ठेवून. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या आणि आपल्या वेळेला, आपल्या मनाने, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. पुढे त्यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा केली, कीर्तनं केली, नवऱ्याने अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. नवऱ्याने निवडलेल्या वाटेवर त्या ओढल्या गेल्या, पण ती वाट शेवटी त्यांची स्वतःची झाली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसाला मारिया हायडे परकी वाटत नाही. फरक आहे तो आवाजात. लक्ष्मीबाई हसतात, नवऱ्याची टिंगल करतात, स्वतःचीही करतात. मोरावियनांमध्ये प्रत्येकाने आपली जीवनकहाणी लिहून ठेवायची आणि ती अंत्यविधीच्या वेळी वाचली जायची, अशी प्रथा होती. जी कहाणी मंडळीसमोर वाचली जाणार आहे ती लिहिताना कुणाला हसू सुचणार? नवऱ्याची गंमत करायची मोकळीक मारियाला मिळाली असती तर तिने काय लिहिलं असतं, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

लाहौली भाषा आणि तिबेटी यांत मारिया रुळली. तिने बायकांना आणि मुलींना बोलावून विणकाम शिकवायला सुरुवात केली. लोकर घरात होती, चात्या होत्या, माग होते. सुयांवर मोजे विणणं तिथे रूढ नव्हतं. बाहेर माणूसभर बर्फ, शेतात काम नाही, अशा महिन्यांत बायका मिशनच्या खोलीत ऊब धरून बसायच्या आणि टाके मोजायच्या. तिथे बायबलमधल्या गोष्टीही सांगितल्या जायच्या, गाणी व्हायची. टाके घरी गेले. गोष्टी बहुतेक तिथेच राहिल्या.

आज लाहौली मोजे आणि हातमोजे त्या भागाची ओळख आहेत. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा खुला झाला तेव्हापासून रोहतांगची खिंड न चढता मनालीहून लाहौलला जाता येतं, आणि उन्हाळ्यात केलाँगच्या बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. मीही त्यातलाच एक. तिथल्या एका दुकानात पायघोळ झग्यातली एक बाई मोजे विकत होती, आणि विकता विकता पुढचा जोड विणतही होती. वरच्या पट्टीत लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या रंगांची भौमितिक नक्षी. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं हिंदीत विचारलं. आजीने, ती म्हणाली. आजीला कुणी? तिने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, हे आमचं जुनंच आहे. मी पुढे काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असंही मला वाटत नाही. दीडशे वर्षं आणि पाच पिढ्या एवढं झाल्यावर ते जुनंच होतं. नक्षी तर त्यांचीच होती. सायलेशियातल्या किंवा साक्सनीतल्या मोज्यांवर ती कुठून असणार? जर्मन बाईने सुया दिल्या, रंग कुणी कुठे टाकायचा हे लाहौली बायकांनी ठरवलं.

बटाट्याचंही तसंच. लाहौलमध्ये बटाटा आणण्याचं श्रेय या मिशनऱ्यांना दिलं जातं. मिशनच्या बागेत तो लागला तेव्हा तो घरच्या जेवणासाठी होता. पुढे विसाव्या शतकात लाहौलच्या शेतकऱ्यांनी त्याचं रोख पीक केलं, थंड हवेतलं निरोगी बियाणं म्हणून तो खालच्या प्रांतांना विकला, त्यासाठी सहकारी संस्था काढली आणि त्या पैशावर मुलं शिकवली. जी माणसं धर्माच्या बाबतीत शंभर वेळा विचार करत होती, त्यांनी बटाट्याच्या बाबतीत वेळ घालवला नाही. कोणती गोष्ट घेतली की गाव मोडत नाही आणि कोणती घेतली की मोडतं, याचा त्यांचा अंदाज पक्का होता.

मारियाच्या घरात मात्र गोष्टी इतक्या सरळ नव्हत्या. तिची काही मुलं केलाँगलाच गेली. सगळ्यात जवळचा डॉक्टर खिंडीपलीकडे होता आणि खिंड बंद. जी वाचली त्यांना शाळेच्या वयात जर्मनीला पाठवलं. शिरस्ता तोच, शाळाही त्याच पंथाच्या. जे तिच्यावर लहानपणी गुदरलं होतं ते तिने आपल्या मुलांच्या वाट्याला दिलं. मी या ठिकाणी अडतो. तिला कळलं नसेल असं म्हणता येत नाही, कारण तिच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. दगडी काळजाची होती म्हणावं तर बाकीचं आयुष्य त्याला साक्ष देत नाही. कदाचित आपण जगलो ते बरोबरच होतं असं मानल्याशिवाय तिला आईला माफ करता येत नसेल. कदाचित केलाँगला मुलांसाठी खरोखर काहीच नव्हतं. सेवेच्या कहाण्या सांगताना आपण हा हिशेब बाजूला ठेवतो. आईवडिलांनी केलेला त्याग म्हणून त्याच्यापुढे हात जोडतो, पण त्यागाचा मोठा वाटा मुलांनी उचललेला असतो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आपल्याकडे अशा जोडप्यांना वेगळा मान आहे. डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ साली भामरागडच्या जंगलात हेमलकसाला गेले, तिथेही आधी माडिया लोक लांबूनच पाहत होते. तिथे बाप्तिस्म्याचा प्रश्न नव्हता, दवाखान्याचा होता. तरी सुरुवातीचा अनोळखीपणा सारखाच. मात्र एक फरक मोठा आहे. हेमलकशाला मुलं आईवडिलांजवळ, माडिया मुलांबरोबर, त्याच शाळेत वाढली. ज्या गावाची सेवा करायची त्या गावातलं शिक्षण आपल्या मुलांना पुरेल असं ज्यांना वाटलं, त्यांनी त्या गावावर जास्त विश्वास टाकला असं मी म्हणेन. हायडे पतिपत्नींनी केलाँगवर जीव टाकला, तिथे आयुष्य घालवलं, पण मुलांच्या बाबतीत त्यांचा विश्वास हेर्नहूटवरच राहिला.

१८८५ मध्ये मिशनने लेहला ठाणं उघडलं आणि कामाचा भार हळूहळू तिकडे सरकला. केलाँगच्या मंडळीतली माणसंही तिकडे गेली. १८९८ मध्ये हायडे जोडप्याने केलाँग सोडलं. आता विश्रांतीला घरी, असं वाटेल. पण त्यांना दार्जिलिंगकडे बोलावणं होतं. शरच्चंद्र दास यांच्या मोठ्या तिबेटी-इंग्रजी कोशाचं संपादन चाललं होतं. १९०२ साली कलकत्त्याला तो कोश निघाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठामागच्या पानावर दोन संपादकांची नावं होती, ग्रॅहम सँडबर्ग आणि विल्यम हायडे. पत्र्याचं काम शिकलेल्या माणसाचं नाव तिबेटी भाषेच्या एका प्रमाणग्रंथावर आलं, ते कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीमुळे नव्हे. चाळीस वर्षं बटाटे, भांडणं, औषधं आणि प्रार्थना यांच्यासाठी तिबेटी बोलावी लागली, त्यामुळे. याश्केने भाषेचा अभ्यास केला होता. विल्हेल्मला तिच्यात राहावं लागलं होतं.

१९०३ मध्ये दोघं जर्मनीला परतली. विल्हेल्मने मायदेश सोडला त्याला पन्नास वर्षं झाली होती, मारियाला चव्वेचाळीस. मधे एकदाही ती रजेवर गेली नव्हती. लेकरं केव्हाच मोठी झाली होती. १९०७ मध्ये विल्हेल्म वारला, १९१७ मध्ये मारिया. हेर्नहूटच्या कबरस्तानात सगळ्यांच्या शिळा सारख्या, जमिनीसपाट असतात. काउंटच्या घराण्याचा अपवाद सोडला तर कुणाचं मोठेपण तिथे दगडावर दिसत नाही. केलाँगचं ठाणं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिटून गेलं. लेहला मात्र मोरावियन मंडळी आहे, छोटी, लडाखी, स्वतःचे लडाखी पाळक असलेली. तिबेटी बायबलचं काम पुरं केलं तेही लडाखचे योसेफ गेर्गन यांनी. ते १९४८ मध्ये छापून निघालं. दाराशी थांबलेल्या परक्यांनी जे सुरू केलं ते शेवटाला नेणारा माणूस आतला होता.

या चाळीस वर्षांना यश म्हणायचं का? मिशनच्या अहवालात एक रकाना असतो, वर्षात किती बाप्तिस्मे झाले त्याचा, आणि केलाँगच्या त्या रकान्यात बहुतेक वर्षी पाहण्यासारखं काही नसे. श्रद्धाळू माणूस म्हणेल, बी पेरलं, उगवणं देवाच्या हाती. मिशनचा विरोधक म्हणेल, बरं झालं, लाहौल वाचलं. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात, कारण दोन्हींत लाहौलच्या माणसाला काम नाही. एकात तो जमीन आहे, दुसऱ्यात वाचवलेली वस्तू. खरं तर निवड त्याने केली. समोर आलेल्या सगळ्या वस्तू त्याने उलटसुलट करून पाहिल्या, सुया घेतल्या, बटाटा घेतला, औषध घेतलं, देव परत केला. आणि परत करताना पाहुण्याला घराबाहेर काढलं नाही.

आणि पाहुणेही गेले नाहीत, हे मला या जोडप्याचं खरं कर्तृत्व वाटतं. देव नाकारला म्हणून त्यांनी सुया परत मागितल्या नाहीत. मनासारखं पीक येत नाही म्हणून दुसरं शेत शोधलं नाही. सेवा करायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक तयार यादी असते: या लोकांना काय हवं आहे त्याची. ज्यांच्यासाठी आलो ते लोक त्या यादीवर काट मारत जातात, आणि बहुतेक माणसं पहिल्या दोन-चार काटांनंतर दुखावून परततात. केलाँगच्या लोकांनी हायडे जोडप्याच्या यादीतला पहिलाच शब्द खोडला होता. तरीही ते राहिले, आणि उरलेल्या यादीवर चाळीस वर्षं काम केलं. लहान गावाचा पाळक होणं म्हणजे आपण तिथे कशासाठी आहोत हे त्या गावाला ठरवू देणं असेल, तर एवढा वेळ त्याला लागणारच.